नजर कमवावी लागते : नवख्या पशुपालकांच्या मार्गदर्शनाविषयी

ज्याला शेळ्या किंवा गायी पाळायच्या आहेत त्याला आज महाराष्ट्रात जनावर दारात आणून बांधण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. राज्याच्या योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो, दुधाळ जनावरांचाही मिळतो. २०२१ मध्ये नव्याने आखलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर ते पाचशे शेळ्यांच्या प्रकल्पांना निम्मे भांडवली अनुदान, कमाल पन्नास लाख रुपयांपर्यंत, मिळू शकते. प्रकल्प अहवाल तयार करून देणारे आहेत, तीन दिवसांचे प्रशिक्षण देणारे आहेत, प्रमाणपत्र देणारेही आहेत. पण शेळ्या गाडीतून उतरल्या, गाडी निघून गेली आणि चौथ्या दिवशी एक शेळी चारा सोडून कोपऱ्यात उभी राहिली की नवख्या माणसाने कोणाकडे पाहायचे, याची सोय या सगळ्या व्यवस्थेत कुठेच नाही. हे पुस्तक गाडी निघून गेल्यानंतरच्या काळाविषयी आहे. त्यामागचा विचार एका वाक्यात मांडता येतो. पशुपालन माहितीवर सुरू होते पण टिकते नजरेवर, आणि ही नजर जाणत्या माणसाबरोबर त्याच जनावरांसमोर उभे राहून कमवावी लागते. म्हणून नवख्याला किमान एका वेताची सोबत मिळवून देणे हे त्याला जनावर मिळवून देण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि ते कोणाच्या भलेपणावर न सोडता रीतसर उभे केले पाहिजे.

नजर म्हणजे काय, हे बाजारापासून दिसू लागते. काष्टी, लोणी किंवा घोडेगावच्या बाजारात भरलेल्या कासेची गाय-म्हैस पाहून नवखा भुलतो. जाणता आधी विचार करतो की सकाळची धार काढली आहे की दूध तुंबवून आणले आहे. तो जनावराचे दात पाहतो, चारही सडांतून धार काढून हातावर घेतो, गाठी-गुठळ्या पाहतो आणि शक्य असेल तर सलग तीन वेळा दूध काढून मगच बोलणी करतो. गोठ्यात आल्यावर हीच नजर माजाला लागते. गाय किंवा म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज एखादा दिवसही धड टिकत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम कोणत्याही पुस्तिकेत सापडतो. पण म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो. ती ओरडत नाही, उड्या मारत नाही. पहाटे शेपटीला चिकटलेला सोट, नेहमीपेक्षा थोडे घटलेले दूध, पुन्हा पुन्हा लघवी करणे, एवढ्याच खुणा असतात. त्या हुकल्या की आणखी एकवीस दिवस वैरण आणि पेंड फुकट जाते, आणि असे दोन-तीन माज हुकले की वर्षाचा हिशेब कोलमडतो. नियम छापता येतो, पण पहाटेच्या अंधारात खूण दाखवायला माणूसच लागतो.

नवख्याचे नुकसान बहुधा आळसाने होत नाही, कागदावरच्या हिशेबाने होते. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. उस्मानाबादी शेळी जुळी देते आणि चांगल्या संगोपनात दोन वर्षांत तीन वेते मिळू शकतात. यावरून अहवाल लिहिणारा सरळ गुणाकार करतो : दहा शेळ्या, तीन वेते, दोन करडे, म्हणजे साठ करडे. आता हाच हिशेब पहिल्या दोन वर्षांच्या वास्तवाने मांडून पाहावा. दोन वर्षांत तीनऐवजी दोनच वेते धरली, वेताला सरासरी दीड करडू धरले आणि पाचांतले एक करडू दगावते असे मानले, तर साठांची चोवीस होतात. कर्जाचा हप्ता मात्र साठांवर बेतलेला असतो. या दोन आकड्यांमधले अंतर जातिवंत जनावराने भरून निघत नाही. बाजारातून आणलेल्या शेळ्या दोन-तीन आठवडे वेगळ्या बांधल्या का, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर दिली का, चारा हळूहळू बदलला की एकदम, करडाला जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजला का, नाळेला आयोडीन लावले का, वैरणीची तजवीज शेळ्या आणण्याआधी केली की नंतर, अशा बारीक गोष्टींनी ते भरून निघते. यातली प्रत्येक गोष्ट सोपी आहे. सगळ्या गोष्टी योग्य दिवशी आठवणे कठीण आहे, आणि जाणता शेजारी असण्याचा उपयोग तिथे आहे.

हा प्रश्न पूर्वी वेगळा होता, कारण नवखा असा कोणी नव्हताच. धनगर, गवळी आणि इतर पशुपालक समाजांत मूल चालू लागले की कळपामागे जात असे. कोणती मेंढी मागे पडते, कोणत्या पाल्याने पोट फुगते, पावसाच्या तोंडावर कळप कुठे न्यायचा, हे त्याच्या अंगवळणी पडे. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ, पंढरपुरी म्हैस, दख्खनी मेंढी या जाती म्हणजे अशा शेकडो वर्षांच्या निवडीची फळे आहेत. पण ते ज्ञान घराण्यात आणि जातीत बंद होते. बाहेरच्याला, आणि पुष्कळदा घरातल्या बाईलाही, त्यात शिकाऊ म्हणून जागा नव्हती, जरी गोठ्यातली निम्मीअधिक कामे तीच करत होती. पशुधनाची सुधारणा ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हा विचार मराठीत ठामपणे मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी बाहेरून उत्तम शेळ्या-मेंढ्यांची बेणी आणून इथे पैदास करण्याची आणि शेतकऱ्यांच्या कौशल्याची प्रदर्शने व परीक्षा भरवून बक्षिसे देण्याची सूचना सरकारला केली. बेणे आणि कौशल्य दोन्ही बरोबर वाढले पाहिजेत, ही त्यातली दृष्टी पुढच्या काळात अर्धीच उचलली गेली. बेण्याची सोय झाली, कौशल्याची राहून गेली.

त्यानंतर पशुपालकाला आधार देणारे चार संप्रदाय तयार झाले. त्यांतला पहिला पशुवैद्यकाचा. १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, स्वातंत्र्यानंतर दवाखाने जिल्ह्या-तालुक्यांत पसरले, आणि २००० मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. या परंपरेचे ऋण मोठे आहे. गावेच्या गावे ओस पाडणारी बुळकांडी देशातून आणि २०११ पर्यंत जगातून संपली, ती लसीकरणाच्या चिकाटीने. पण या व्यवस्थेचा हेतू रोग बरा करणे हा होता, पशुपालक घडवणे हा नव्हता. आणि रोगाच्या कामालाही माणसे पुरली नाहीत. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये दर पाच हजार पशू-एककांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले होते. महाराष्ट्रात नुसत्या शेळ्याच २०१९ च्या पशुगणनेत एक कोटीहून अधिक भरल्या. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने प्रत्येक नवख्याच्या गोठ्यात दर पंधरवड्याला जावे, अशी अपेक्षा करणे त्या डॉक्टरवरही अन्याय आहे. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतीच्या आधुनिक तंत्राची माहिती सुमारे चाळीस टक्के शेतकरी कुटुंबांपर्यंत पोचत होती, तर पशुसंवर्धनाची माहिती जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत. पिकाचा सल्ला गावात पोचला आणि गोठ्याचा सल्ला तालुक्यालाच राहिला, हे त्यावरून दिसते.

दुसरा संप्रदाय सहकाराचा आणि दारी येणाऱ्या सेवेचा. १९४६ चा आणंदचा सहकारी दूध संघ, १९७० पासूनची दुधाचा महापूर योजना, कोल्हापुरात १९६३ मध्ये स्थापन झालेला ‘गोकुळ’ यांनी दोन लिटर दूध असलेल्या बाईलाही बाजारपेठेत आणले. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ‘बाएफ’ सुरू केली आणि कृत्रिम रेतन दवाखान्यातून निघून शेतकऱ्याच्या अंगणात आले. संकरित गायीने महाराष्ट्राचा दूधधंदा बदलला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही : घरातल्या जुन्या ज्ञानाचा धागा तुटला. खिल्लार सांभाळलेल्या आजोबांना होल्स्टिनची गाय नवीच होती. तिला उन्हाचा ताण सोसत नाही, कासदाह लवकर होतो, व्याल्यावर दुग्धज्वराने ती बसते, आणि तिचा खुराक कडबा व मूठभर सरकीवर भागत नाही. दूध संघांनी खाद्य दिले, डॉक्टर दिला, दुधाचा दर फॅटवर ठरवला. पण या नव्या जनावराची नजर एका पिढीत कशी तयार व्हावी, याची रचना फार थोड्या ठिकाणी झाली. त्यामुळे आज पशुपालकाच्या घरात जन्मलेला मुलगाही संकरित गायीपुढे बराचसा नवखाच असतो.

तिसरा संप्रदाय पशुपालकांनी पशुपालकांकडून शिकण्याचा, आणि या पुस्तकाचा ओढा उघडपणे त्याच्याकडे आहे. बचतगटांतून तयार झालेल्या पशुसखी आपल्याच वाडीतल्या बायकांना जंतनाशक, लसीकरणाचे वेळापत्रक, करडांची निगा शिकवतात. माणदेशात म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळ्यांचे कृत्रिम रेतन शिकवले, आणि शेळीसाठी बाई दारोदार जाते ही गोष्ट तिथे रूढ झाली. बाहेरच्या जगातही हेच सूत्र निरनिराळ्या रूपांत दिसते. इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी १९८९ च्या सुमारास सुरू झालेली शेतकऱ्यांची शेतीशाळा पुढे केनियात पशुपालकांसाठी आली. डेन्मार्कमध्ये सेंद्रिय दूध उत्पादकांनी प्रतिजैविकांचा वापर कमी करण्यासाठी ‘गोठा-शाळा’ चालवल्या. पाच-सहा जणांचा गट एकमेकांच्या गोठ्यात जमतो, यजमान आपले एक यश आणि दोन अडचणी मांडतो, आणि उपाय गट सुचवतो. तज्ज्ञ तिथे भाषण देत नाही, चर्चा चालवून देतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातून सुरू झालेल्या चराऊ दूधधंद्याच्या उमेदवारीत शिकाऊ माणूस दोन वर्षे, सुमारे चार हजार तास, अनुभवी पशुपालकाकडे पगारी काम करतो. देश, जनावर, हवामान वेगळे असले तरी तिन्हीकडे शिकणे गोठ्यात होते, ऋतुचक्रभर चालते आणि जाणत्याच्या वेळेला किंवा मताला रीतसर मान असतो.

चौथा संप्रदाय बाजाराचा, आणि आज नवख्याला सर्वांत आधी तोच गाठतो. मोबाईलवरच्या चित्रफिती, एक दिवसाची सशुल्क शिबिरे, परत खरेदीची हमी देऊन पिल्ले विकणारे लोक. यात प्रामाणिक माणसे आहेत, आणि त्यांच्यामुळे मुक्त संचार गोठा, मुरघास यांसारख्या गोष्टी खेडोपाडी पोचल्या हे मान्य केले पाहिजे. पण विकणाराच शिकवणारा असला की काय होते, हे एमूच्या लाटेत आणि २०१९ मध्ये सांगली भागात उघडकीला आलेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात दिसले. पक्ष्यांना गिऱ्हाईक नव्हते. धंदा चालला होता तो नव्या गुंतवणूकदारांच्या भरतीवर. अनुभवी कुक्कुटपालकाने पहिला प्रश्न विचारला असता, की हा पक्षी शेवटी खाणार कोण आणि कोणत्या दराने? नवख्याजवळ तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. मार्गदर्शकाने नवख्याला वेळेवर नाही म्हणायला शिकवले, तरी त्याचे निम्मे काम झाले.

हे सगळे आत्ताच का निकडीचे आहे? एकतर जमिनीचे तुकडे होत गेले तसे दोन-तीन एकरांवर पीक परवडेना, आणि पशुधन हे अनेक तरुणांचे आणि एकट्या बायकांचे मुख्य उत्पन्न होऊ लागले. दुसरे, चूक आता महाग झाली आहे. दुधाच्या खर्चात खाद्याचा वाटा साठ-सत्तर टक्के असतो आणि दुधाचे दर हंगामागणिक पडतात. २०१५ च्या कायद्याने बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून गोऱ्ह्यांचे काय करायचे, हा प्रश्न गाय घेण्याच्या दिवशीच सोडवावा लागतो. तिसरे, रोग आता एका गोठ्यात थांबत नाहीत. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने राज्यभर जनावरे गेली. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना द्यायची, माशा-गोचिडांचा बंदोबस्त करायचा, आजारी जनावर वेगळे करायचे, हे ज्यांना कोणीतरी जवळचे सांगणारे होते ते सावध राहिले. ज्यांच्याकडे नव्हते ते अफवांच्या मागे गेले. प्रत्येक नवखा गोठा हा शेजारच्या जुन्या गोठ्याच्या सुरक्षेचा भाग आहे, हे त्या वर्षाने शिकवले.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. पहिला असा, की जुन्याजाणत्यांचे ज्ञान जुने आहे, चुकाही पुढे जातील. हे खरे आहे. जार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही चाल अजून अनेक गावांत आहे, आणि वासराच्या पहिल्या मोलाच्या तासांची ती नासाडी आहे. पण याचे उत्तर जाणत्याला बाजूला सारणे हे नाही. त्यालाही शास्त्राच्या संगतीत आणणे हे आहे. मार्गदर्शक आधी शिकणारा असला पाहिजे, आणि त्याच्या पाठीशी पशुवैद्य असला पाहिजे. यातूनच दुसरा आक्षेप येतो, की असे मार्गदर्शक उद्या सुई हातात घेतील. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ पासून उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याकडे आहे, आणि ती रेषा पाळलीच पाहिजे. मार्गदर्शकाने निदान करायचे नाही. काहीतरी बिघडले आहे हे डॉक्टरपेक्षा बारा तास आधी ओळखायचे आणि डॉक्टरला बोलवायला लावायचे. रवंथ थांबला, कान गार पडले, शेण बदलले, हे वेळेवर दिसले तर डॉक्टरचेही काम सोपे होते. चांगला मार्गदर्शक पशुवैद्याच्या धंद्यावर घाला घालत नाही, त्याला वेळेवर बोलावणारी माणसे तयार करतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : जाणत्याने आपल्या स्पर्धकाला का शिकवावे, आणि त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार? स्पर्धेचा मुद्दा वरवरचा आहे. वाडीत दूध वाढले तर संकलन केंद्र आणि शीतटाकी येते, शेळ्या वाढल्या तर व्यापारी गावात येतो, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातला लाळ्या-खुरकूत आपल्याकडे यायला कुंपण अडवत नाही. पैशांचा मुद्दा मात्र खराखुरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या खेड्यातच आहे. शेळी निम्म्या वाट्याने सांभाळायला देण्याची रीत अनेक भागांत चालते. देणाऱ्याची शेळी, सांभाळणाऱ्याचे कष्ट, करडे दोघांची. या रीतीत देणारा आठवड्यातून एकदा तरी येऊन शेळी पाहून जातो, कारण त्याचा जीव त्या करडांत गुंतलेला असतो. मार्गदर्शनाला असाच हितसंबंध हवा. अनुदानाचा एक छोटा भाग मार्गदर्शकाच्या मानधनासाठी वेगळा काढावा आणि तो दोन टप्प्यांत, दुसरा टप्पा वर्षाअखेरीस जिवंत करडे किंवा गाभण जनावरे मोजून, द्यावा. त्यासोबत एक कडक अट असावी : मार्गदर्शकाने आपल्या शिकाऊला पहिल्या वर्षी स्वतःची जनावरे विकू नयेत. सल्ला आणि विक्री एका हातात आली की सल्ल्याचा भाव उतरतो.

हे पुस्तक या चौकटीत वाचावे. जाती, रोग आणि खाद्याचे कोष्टक देणारी पुस्तके मराठीत आहेत आणि त्यांची गरज राहीलच. इथे भर आहे तो जाणता आणि नवखा यांच्यातल्या नात्यावर : पहिल्या भेटीत काय पाहायचे, नवख्याच्या हातून चूक होऊ द्यायची कुठे आणि हात धरायचा कुठे, नोंदवही कशी ठेवायला लावायची, बाईच्या नावावर अनुदान आणि पुरुषाला प्रशिक्षण ही विसंगती कशी मोडायची, भाकड जनावराचा निर्णय कसा घ्यायला शिकवायचा. शेळी, गाय, म्हैस आणि मेंढी यांची चक्रे वेगळी असल्याने सोबतीचा काळही वेगळा धरला आहे. शेळीला एक वेत म्हणजे आठ-दहा महिने, गायीला एका वेतापासून पुढच्या वेतापर्यंत सव्वा वर्ष. या पुस्तकातल्या लेखांमध्ये मतभेद आहेत, विशेषतः बंदिस्त पालन आणि चराई यांविषयी, आणि ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत. कारण माणदेशातल्या माळरानाचे उत्तर कोकणातल्या पावसाला लागू होईल, असे कोणी म्हणू नये.

पशुसंवर्धनाच्या योजनांचे यश आजवर वाटलेल्या जनावरांच्या संख्येने मोजले गेले. त्याऐवजी दोन वर्षांनी किती गोठे चालू आहेत, किती करडे जगली आणि किती जणांनी दुसऱ्या वेताची जनावरे स्वतःच्या गोठ्यातच तयार केली, हे विचारले तर योजना कशी आखायची तेही आपोआप बदलेल. त्यासाठी फार मोठ्या संस्थेची वाट पाहायला नको. प्रत्येक तालुक्यात वीस-पंचवीस वर्षे नेटाने जनावरे सांभाळलेल्या बाया आणि पुरुष आहेत. दूध संघ, कृषी विज्ञान केंद्र, बचतगटांचा संघ यांपैकी कोणीही एकाने त्यांची यादी करावी, त्यांना थोडे प्रशिक्षण आणि रास्त मानधन द्यावे आणि प्रत्येकाच्या हाती दोन-तीन नवखे द्यावेत. या पुस्तकाच्या वाचकांपैकी जे जाणते आहेत त्यांनी या वर्षी एक तरी नवखा गोठा आपला मानावा. जे नवखे आहेत त्यांनी जनावर आणण्याआधी असा माणूस शोधावा, आणि तो मिळेपर्यंत बाजाराची वाट धरू नये.